मॅजिक : कधीही पूर्ण न होणारा कॅट

पत्त्यांचा कॅट म्हणजे बावन्न पाने, हे गृहीत धरूनच रमीपासून बदाम सातपर्यंतचे डाव मांडले जातात. पान हरवले तर डाव मोडतो, जास्तीचे निघाले तर भांडण होते. १९९३ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाने हे गृहीतकच मोडीत काढले. येथे दोन खेळाडू आपापली स्वतंत्र गड्डी घरूनच रचून आणतात. वर्षातून अनेकदा नवे विस्तार संच निघतात आणि पानांची संख्या वाढत जाते. आजवर पंचवीस हजारांहून अधिक निरनिराळी पाने निघाली आहेत.

खेळाचे जनक रिचर्ड गारफिल्ड हे गणिताचे अभ्यासक. १९९१ साली ते पीटर अ‍ॅडकिसन यांच्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या छोट्या कंपनीकडे एका पटावरील खेळाचा आराखडा घेऊन गेले. तो छापणे कंपनीला परवडणारे नव्हते. अ‍ॅडकिसन यांना हवे होते ते स्वस्त, खिशात मावेल आणि खेळप्रेमींच्या संमेलनात मधल्या वेळेत खेळून होईल असे काहीतरी. त्यातून मॅजिकचा जन्म झाला.

दोन मांत्रिकांमधील द्वंद्व अशी कल्पना आहे. प्रत्येकाकडे आयुष्याचे २० गुण आणि हातात सात पाने असतात. मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि जंगल ही पाच मूलभूत जमिनींची पाने अनुक्रमे पांढरी, निळी, काळी, लाल व हिरवी जादुई शक्ती देतात. शक्ती वापरली की पान आडवे करायचे. पुढच्या खेपेला ते पुन्हा उभे होते. या शक्तीतून मंत्र टाकायचे, राक्षस वा योद्धे उभे करायचे आणि प्रतिस्पर्ध्याचे गुण शून्यावर आणायचे. एका खेपेत एकच जमीन मांडता येत असल्याने शक्ती हळूहळू वाढते. सुरुवातीलाच धडक मारावी की दम धरून मोठ्या मंत्राची वाट पाहावी, हा निर्णय गड्डी रचतानाच घ्यावा लागतो. खरे तर निम्मी लढत तेथेच होते.

पहिल्या ‘अल्फा’ आवृत्तीत २९५ पाने होती आणि ती पाकिटांतून विकली जात. आत कोणती पाने आहेत हे फोडल्याशिवाय कळत नसे. लोक मोजकीच पाकिटे घेतील आणि प्रबळ पाने एखाद्याच्याच हाती लागतील, असा गारफिल्ड यांचा होरा होता. तो साफ चुकला. खेळाडू पेट्याच्या पेट्या विकत घेऊ लागले. ‘ब्लॅक लोटस’ हे पान काहीही खर्च न करता तीन जमिनींइतकी शक्ती देते. एका पानाच्या किती प्रती ठेवाव्यात यावर तेव्हा बंधनच नव्हते. मूलभूत जमिनी वगळता एका पानाच्या चारच प्रती आणि गड्डीत किमान ६० पाने, हे नियम नंतर आले.

पहिला विस्तार संच डिसेंबर १९९३ मध्ये निघाला. त्याचे नाव ‘अरेबियन नाइट्स’. सिंदबाद, अल्लाउद्दीन आणि त्याचा दिवा अशा, मराठी वाचकांना अरबी सुरस कथांतून ठाऊक असलेल्या मंडळींची त्यात पाने आहेत. शहराजादचे पान तर बहारीचे आहे. ते टाकले की चालू डाव थांबवून दोघांनी आतल्या आत दुसरा डाव खेळायचा. गोष्टीत गोष्ट, तसा डावात डाव. वेळखाऊपणामुळे ते पुढे स्पर्धांतून बाद झाले, पण कल्पनेला दाद द्यावीच लागेल.

या संचाच्या पानांची पाठ वेगळी छापण्याचे आधी ठरले होते. विस्तार हा वेगळा खेळ राहावा, असा विचार त्यामागे होता. शेवटच्या क्षणी तो बदलला. पाठ वेगळी असती तर जुनी-नवी पाने एकत्र पिसणे अशक्य झाले असते, कारण वरचे पान पाहताच ते कोणत्या संचातले हे प्रतिस्पर्ध्याला कळले असते. पाठ एकच ठेवल्याने तीस वर्षांतली पाने एका गड्डीत बसू शकतात. खेळाचे दीर्घायुष्य याच निर्णयात आहे आणि त्याची डोकेदुखीही.

कारण नवा खेळाडू जुन्या दुर्मिळ पानांपुढे कसा टिकणार? १९९५ मध्ये कंपनीने केवळ अलीकडच्या संचांपुरता स्पर्धाप्रकार सुरू केला. आज तो ‘स्टँडर्ड’ म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षी ‘क्रॉनिकल्स’ संचातून जुनी पाने पुन्हा छापली. नवशिक्यांची सोय झाली, पण संग्राहक खवळले. त्यांच्या पानांचे भाव पडले होते. १९९६ मध्ये काही पाने पुन्हा कधीच न छापण्याची यादी जाहीर करून कंपनीने स्वतःचे हात बांधून घेतले. लोटस त्या यादीत आहे. २०२१ मध्ये अल्फातील एक प्रत ५ लाख ११ हजार डॉलरला विकली गेली.

विस्ताराचा दुसरा धोका समतोलाचा. ‘स्कलक्लॅम्प’ हे २००४ च्या ‘डार्कस्टील’ संचातील आयुध. ते ज्याला जोडावे त्याचे बळ एकाने वाढते, चिवटपणा मात्र एकाने घटतो. आणि तो मेला की दोन नवी पाने मिळतात. चिवटपणा घटवण्याचा हा बदल अगदी उशिरा झाला आणि त्याची पुरेशी चाचणी झाली नाही. प्रत्यक्षात एका गुणाचा किरकोळ प्राणी आयुध जोडताच मरू लागला आणि जवळजवळ फुकटात दोन पाने हाती येऊ लागली. जवळपास प्रत्येक गड्डीत ते दिसू लागले. काही महिन्यांत, जून २००४ मध्ये, स्टँडर्डमधून त्यावर बंदी आली.

आंधळ्या पाकिटांना पर्याय नव्हता असे नाही. राइनर क्निट्सिया यांच्या ‘ब्लू मून’ (२००४) या दोघांच्याच खेळात प्रत्येक जमातीची ठरलेली गड्डी मिळे. ‘फँटसी फ्लाइट गेम्स’ने २००८ पासून निश्चित पानांचे विस्तार विकले. ग्राहकाच्या दृष्टीने हीच पद्धत सचोटीची. मॅजिकची बाजारातील जागा मात्र त्यांना घेता आली नाही.

१९९९ मध्ये ‘हॅस्ब्रो’ने विझार्ड्स विकत घेतली. २०२२ मध्ये तिसाव्या वर्धापनदिनानिमित्त लोटससह पहिल्या काळातील पाने पुन्हा छापली गेली. चार पाकिटे, साठ पाने, किंमत ९९९ डॉलर. यादीचे वचन मोडू नये म्हणून त्यांची पाठ वेगळी होती आणि अधिकृत स्पर्धांत ती चालत नाहीत. खेळाडूंनी त्यावर सडकून टीका केली.

आज चौघांनी खेळायचा ‘कमांडर’ प्रकार अधिक लोकप्रिय आहे, तरी मोठ्या स्पर्धा दोघांच्याच लढतींच्या असतात. २०२३ मध्ये स्टँडर्डमधील संचांची मुदत दोनऐवजी तीन वर्षे झाली, त्यामुळे घेतलेली पाने वर्षभर अधिक उपयोगी पडतात. २०२५ पासून ‘फायनल फँटसी’सारख्या इतर कल्पनाविश्वांवरील संचही त्यात खेळता येतात.