भुशीचे धरण, टाटांचे तलाव आणि आपल्या दारातला ड्रम

पावसाळा लागला की भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. पुण्या-मुंबईची गर्दी ओसंडत्या पाण्यात बसून मक्याची कणसे खाते. त्या गर्दीत आपली पोरेही असतात. त्यांना एकच प्रश्न विचारावासा वाटतो. मित्रांनो, ज्या पायऱ्यांवर तुम्ही बसला आहात, ते धरण मुळात कोणाची तहान भागवण्यासाठी बांधले गेले?

उत्तर आहे, रेल्वेच्या इंजिनांची. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. घाट चढणाऱ्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, म्हणून जीआयपी रेल्वेने इंद्रायणीवर भुशीचे हे दगडी धरण बांधले. त्याआधी घाट फोडण्याच्या कामावर ऐन भरात एकाच वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकी, ताप आणि सुरुंगांनी त्यांतले हजारो गेले. इतिहासात कंपनीचे आणि कंत्राटदारांचे नाव राहिले. खडी वाहणाऱ्या बाया-माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

पुढे टाटांची कंपनी आली. १९११ मध्ये वळवणला धरणाची पायाभरणी झाली. वळवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांत साठलेले पाणी १९१५ पासून खोपोलीच्या वीजघरात सोडले जाऊ लागले. पूर्वेला देहू-आळंदीकडे वाहणारे पाणी पश्चिमेला वळले आणि पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून खाली कोसळू लागले. त्या दाबावर जनित्रे फिरली आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. शेजारच्या मुळशी पेट्यात १९२१ मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, त्याचे पुढारपण सेनापती बापटांनी केले. तो लढा मोठाच होता. पण तो मुख्यतः बुडणाऱ्या जमिनीचा लढा होता. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याचे काय बुडाले आणि त्याला काय मिळायला हवे, हे विचारणारे कागद सरकारजवळ नव्हते.

याच काळात, १९२३ मध्ये, मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर झाला. मावळच्या डोंगरावर पाणी वळवण्याचे तंत्र आले होते, आणि घाटाखाली महाडच्या चवदार तळ्याला हात लावायला माणसाला बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचलले. त्यानंतर तळे पंचगव्याने 'शुद्ध' करण्यात आले. खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

मग प्रश्न असा की, या इतिहासात आपल्या दारातला पावसाच्या पाण्याचा ड्रम कुठे बसतो?

तो बसतो महात्मा फुल्यांजवळ. जोतीरावांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हे आपल्याला पाठ असते. पण १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. पावसाचे पाणी नदीला मिळून वाहून जाण्याआधी शेतातच मुरावे, म्हणून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालावेत आणि ते काम सरकारने आपल्या पलटणी-पोलिसांकडून करून घ्यावे. दोन्ही गोष्टींचा अर्थ एकच आहे. पाणी जिथे पडते तिथे अडवा आणि ते सगळ्यांचे करा.

विहिरीला मालक असतो, कालव्याला पाटकरी असतो, नळाला नगरपालिका असते. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. हिशेब करून पाहा. वीस चौरस मीटरच्या पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की दोनशे लिटर पाणी होते, म्हणजे एक ड्रम भरतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. म्हणजे एवढ्याशा छपरावरून वर्षाला सुमारे ऐंशी हजार लिटर पाणी गटारात जाते.

हे पाणी परसबागेला द्यायला मोटार लागत नाही. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. दहा मीटर उंचीचे पाणी साधारण एक बार दाब देते आणि बाजारातल्या नेहमीच्या ठिबकला तेवढा दाब लागतो. ड्रम एक मीटर उंच ठेवला तर त्याचा दहावा हिस्साच मिळतो. म्हणून व्यवस्था त्या बेताची करायची. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन, तेव्हा चौथरा विटांचा आणि पक्का हवा. तोटी तळापासून चार बोटे वर लावायची, म्हणजे गाळ खाली राहतो. तोटीपुढे जाळीची गाळणी बसवायची. नळ्या आखूड ठेवायच्या, आठ-दहा मीटरच्या आत. जागा उताराची असेल तर नळ्या उताराला आडव्या टाकायच्या, नाहीतर खालच्या झाडाला सगळे आणि वरच्याला काहीच नाही, असे होते. (गावगाड्यात नेमके उलटे होते, एवढाच फरक!) दाबावर चालणारे ड्रिपर न घेता साधी छिद्रे किंवा बारीक नळ्या वापरायच्या. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यायचे, कारण त्यात पत्र्यावरची घाण असते. ड्रमच्या तोंडाला कापड किंवा जाळी घट्ट बांधायची, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. आणि हे पाणी झाडांसाठी आहे, पिण्यासाठी नाही.

इथपर्यंत कोणतीही संस्था तुम्हाला सांगेल, फोटोही काढेल. पुढचे सांगणार नाही, म्हणून ते आपण बोलले पाहिजे.

रोज वीस लिटर पाणी सोडले तर एक ड्रम दहा दिवसांत रिकामा होतो. चार ड्रम असले तर चाळीस दिवस. पाऊस ऑक्टोबरमध्ये उघडला तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मेथी, मिरची, टोमॅटो तग धरतील. पुढे काय? पुढे ड्रम नळाच्या नाहीतर टँकरच्या पाण्याने भरावा लागतो. म्हणजे आपण पुन्हा त्याच तळ्याच्या काठावर येऊन उभे राहतो. ड्रम मुदत वाढवून देतो, हक्क देत नाही.

बाबासाहेबांनी १९१८ मध्येच, लहान शेतजमिनींवरच्या निबंधात, शेत किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यात घातलेल्या भांडवलावर आणि साधनांवर ठरते, असे दाखवले होते. जमिनीवरचा माणसांचा भार कमी करण्यासाठी त्यांनी उद्योगीकरणाचा मार्ग सांगितला. दोन गुंठ्यांच्या परसबागेत समाजाची मुक्ती आहे, असे त्यांनी कधी म्हटले नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांच्या योजनांना गती दिली. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकच्या परिषदेत त्यांनी पुराच्या पाण्याकडे संकट म्हणून पाहण्याची जुनी समजूत खोडून काढली. पाणी ही संपत्ती आहे, ती साठवून सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांसाठी वापरली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. लोणावळ्यासारख्या पावसाच्या मुलखाला हा विचार तंतोतंत लागू पडतो. मात्र साठवलेल्या पाण्याचा वाटा कोणाला, हा प्रश्न त्यांच्या विचारातून वगळता येत नाही.

आणि हा वाटा भूमिहीनांना देता येतो, याचा पुरावा पुणे जिल्ह्यातच आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावातून विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर वाटायचे ठरले आणि भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला गेला. उसाला मनाई होती. याउलट मावळात ९ ऑगस्ट २०११ रोजी काय झाले ते आठवा. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याला विरोध करणाऱ्यांवर द्रुतगती मार्गावर बऊर येथे गोळीबार झाला. तीन जीव गेले. पाण्याच्या वाटणीचा प्रश्न वर्गातल्या निबंधाचा नाही.

म्हणून तरुणांना सांगणे एवढेच. या पावसाळ्यात वस्तीत ड्रम जरूर बसवा. बुद्धविहाराच्या छपरापासून सुरुवात करा, तिथले छप्पर मोठे असते. तोटी, गाळणी, नळ्या यांचे काम पोरांना शिकवा. आणि त्याच विहारात बसून दुसरे कामही करा. आपल्या वस्तीला रोज माणशी किती लिटर पाणी मिळते, शेजारच्या बंगल्यांच्या हिरवळीवर किती जाते, याची वही घाला. माहिती अधिकाराचा अर्ज टाका, ग्रामसभेत आणि वॉर्डात उभे राहून ती वही वाचा.

ड्रमला एक मीटर उंचीचा दाब पुरतो. सरकारी कचेरीला जास्त लागतो, आणि तो संघटनेतूनच येतो.

जय भीम!