‘जामीनपात्र कलमांखाली’ : मधु लिमये, हिदायतुल्ला आणि एक मोघम कागद



१ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्यप्रदेश राज्य झालं, भोपाळ राजधानी ठरली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं बिऱ्हाड बांधून इकडे आली. आपल्यापैकी बऱ्याच घरांची भोपाळची गोष्ट तिथूनच सुरू होते. त्याच दिवशी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला हे नव्या राज्याच्या जबलपूर हायकोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. शाळा रायपूरची, कॉलेज नागपूरचं मॉरिस, वकिलीही नागपुरातच. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांचा एक निकाल आज सांगतो, कारण तो आपल्या रोजच्या जगण्याच्या फार जवळचा आहे.

या गोष्टीतला दुसरा माणूस पुण्याचा. मधु लिमये, फर्ग्युसनचे विद्यार्थी, समाजवादी. १९५५ साली गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रह करून पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेले आणि १९५७ ला सुटले. नंतर पुण्याच्या या माणसाला बिहारमधल्या मुंगेरने लोकसभेत निवडून दिलं. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी मुंगेरजवळच्या लखीसराय रेल्वे स्टेशनवर पोलिसांनी त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना अटक केली. कशासाठी, असं विचारलं तर उत्तर मिळालं, ‘जामीनपात्र कलमांखाली.’ बस्स, एवढंच. कोणतं कलम, कोणतं कृत्य, काही नाही.

लिमयांनी त्याच दिवशी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. कोर्टाने तेच अर्ज म्हणून घेतलं. सरकारकडून मुख्यतः भारतीय दंडविधानाचं कलम १८८, म्हणजे बंदी हुकूम मोडणं, पुढे करण्यात आलं. हा तसा किरकोळ गुन्हा, आणि त्या वेळच्या कायद्यात त्यासाठी वॉरंटशिवाय अटक करताच येत नव्हती. डिसेंबर १९६८ मध्ये कोर्टाने त्यांना सोडलं. घटनेच्या कलम २२ प्रमाणे अटकेचं कारण सांगणं ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. मॅजिस्ट्रेटने नंतर ठराविक पद्धतीने कोठडीचा हुकूम दिला म्हणून मूळचा दोष धुऊन निघत नाही, असंही कोर्टाने सांगितलं. या निकालात इंग्लंडच्या १९४७ सालच्या एका प्रकरणाचा आधार घेतला होता. लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याला पोलिसांनी मनातलं खरं कारण न सांगता भलत्याच छोट्या कलमाखाली पकडलं होतं आणि ती अटक बेकायदेशीर ठरली होती.

पण लिमयांचं भांडण तिथे संपलं नाही. ज्याला आपण इथे भोपाळमध्ये ‘एक सौ सात-सोला’ म्हणतो, त्या तरतुदींनाच त्यांनी आव्हान दिलं. अमुक माणूस शांतता भंग करील असा पोलिसांचा इस्तगासा जातो, मॅजिस्ट्रेट नोटीस काढतो आणि मुचलका मागतो. सात न्यायाधीशांचं खंडपीठ बसलं, अध्यक्ष हिदायतुल्ला. २८ ऑक्टोबर १९७० ला निकाल आला. या तरतुदी घटनाबाह्य नाहीत, असं कोर्टाने म्हटलं, म्हणजे लिमये तेवढ्यापुरते हरले. पण हरताना त्यांनी आपल्या सगळ्यांना एक मोठी गोष्ट मिळवून दिली.

कायद्यात शब्द आहेत ‘माहितीचा सारांश’. कोर्ट म्हणालं, सारांश म्हणजे अर्धवट नव्हे. ज्या माणसाला ‘कारण दाखव’ म्हणता, त्याला आपल्याविरुद्ध काय आहे हे कळल्याशिवाय तो काय दाखवणार? पोलिसांचा रिपोर्ट शब्दशः उतरवायची गरज नाही, पण मॅजिस्ट्रेटला कशामुळे कारवाई करावीशी वाटली ते नोटिशीत आलं पाहिजे. आणि चौकशी सुरू होण्याआधीच अंतरिम मुचलका घेता येणार नाही.

मी आयुष्यभर बँकेत काम केलं. तिथे व्हाउचरवर तारीख, रक्कम, कोणाला आणि कशासाठी हे नसेल तर ऑडिटर पास करत नसे, मग रक्कम दहा रुपये का असेना. फौजदारी कायद्यातही अपेक्षा हीच आहे. आरोपपत्रात वेळ, जागा, कोणाविरुद्ध आणि कोणत्या वस्तूबाबत हे हवं. छोट्या, समन्सच्या खटल्यात रीतसर आरोपपत्र लागत नाही, तरी मॅजिस्ट्रेटने गुन्ह्याचा तपशील आरोपीला सांगायचाच असतो. चेक बाउन्सच्या तक्रारीत चेक, तो परत आल्याचा मेमो, नोटिशीची तारीख, पंधरा दिवसांत पैसे न दिल्याची गोष्ट, सगळं लागतं. कंपनीच्या डायरेक्टरला ओढायचं असेल तर त्या वेळी कारभार त्याच्याकडे होता हे तक्रारीत स्पष्ट लिहावं लागतं, असं सुप्रीम कोर्टाने २००५ साली सांगितलं.

कायदा उगीच कीस काढणाराही नाही. कॅशियरने पैसे खाल्ले असतील तर एकेक एन्ट्री मांडावी लागत नाही, एका वर्षाच्या आतला काळ आणि एकूण रक्कम पुरते. तारखेची लहानसहान चूक झाली म्हणून खटला कोसळत नाही. आरोपीची खरोखर दिशाभूल झाली का, एवढंच कोर्ट पाहतं.

हे आज का लिहितो? ९ डिसेंबर २०२१ पासून भोपाळमध्ये पोलीस कमिशनर पद्धत आली. प्रतिबंधक कारवाईचे मॅजिस्ट्रेटचे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडे गेले. म्हणजे इस्तगासा करणारा आणि नोटीस काढणारा, दोघेही एकाच खात्याचे. १ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडेही बदलले. १०७ चं १२६ झालं आणि नोटिशीत काय असावं हे सांगणारं १११ आता १३० आहे. शब्द मात्र तोच, सारांश.

आपल्या घरांत अशी नोटीस आली की म्हणतात, ‘अरे, छोटं कलम आहे, सही करून मोकळा हो, जमानत होऊन जाईल.’ पार्किंगवरून किंवा गणपतीच्या लाउडस्पीकरवरून भांडण होतं आणि दोन्हीकडच्या पोरांची नावं जातात. सही होते, आणि पुढे नोकरीच्या किंवा पासपोर्टच्या पडताळणीत तेच छोटं कलम समोर येऊ शकतं. म्हणून सहीआधी कागद वाचा. कोणत्या दिवशी, कुठे, काय केलं, हे त्यात आहे का? की ‘शांतता भंग होण्याची शक्यता’ एवढंच छापील वाक्य आहे? तसं असेल तर वकिलाला १९७० च्या मधु लिमये निकालाची आठवण करून द्या.

लिमये ८ जानेवारी १९९५ ला गेले. नागपूरहून आलेल्या घरांपैकी कोणाच्या वाडवडिलांनी हिदायतुल्लांच्या कोर्टात काम केलं असेल, तर जरूर लिहा.