चांदवडी रुपया आणि उघडी वही

मुंबईहून आग्र्याकडे जाणाऱ्या राजमार्गावर, नाशिकच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशीं चांदवड वसलें आहे. श्रोत्यांपैकीं बहुतेकांना हें गांव ठाऊक असतें तें रेणुकादेवीच्या स्थानामुळें किंवा होळकरांच्या रंगमहालामुळें. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत चांदवडचें नांव परक्या पेठांतून ज्यानें फिरविलें, तो होता होळकरांच्या टांकसाळींत पडलेला चांदीचा रुपया.

ह्या रुपयावरील मजकूर मोठा बोधप्रद आहे. नाणें पाडणारे होळकर; पण त्यावर नांव दिल्लीच्या शहा आलम बादशहाचें, आणि टांकसाळीची नोंद फारसी लिपींत ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ अशी. ज्या बादशहाला स्वतःची दिल्ली राखतां येईना, त्याच्या नांवावर विसंबून चांदवडच्या बाजारांत कोणी धान्य मोजून दिलें असेल, असें संभवत नाहीं. मग रुपया चालत होता तो कशाच्या बळावर? सराफाच्या पारखेच्या बळावर. पुण्याकडचा अंकुशी, सुरतेचा सुरती, चांदवडचा चांदवडी, असे नाना रुपये एकाच पेठेंत येत. सराफ ते तोली, त्यांचा नाद ऐके, चांदीचा कस पाही, आणि मग बट्टा ठरवी. पारखलेल्या नाण्यावर तो कधीं कधीं आपला बारीकसा ठसा मारी. जुन्या रुपयांवर असे तीन-तीन, चार-चार ठसे आजहि दिसतात. बादशहाचें नांव वाचतां येऊं नये इतकी त्यांनीं कित्येक नाण्यांची चाळण केली आहे, आणि त्यांत अन्याय कांहींच नाहीं.

१८१८ च्या मंदसोरच्या तहानें हा मुलूख इंग्रजांकडे गेला. पुढें १८३५ च्या कायद्यानें कंपनीचा एकच रुपया सर्वत्र चालू झाला. व्यापाराची सोय झाली खरी. पण पारखण्याचें काम बाजारांतून उठून सरकारी भिंतींआड गेलें.

तें पुन्हां चवाठ्यावर आणण्याचा एक विलक्षण प्रयत्न २००८ सालीं झाला. सातोशी नाकामोतो ह्या टोपणनांवाच्या कोणा गृहस्थानें—गृहस्थ एक कीं अनेक, हें आजवर उघड झालेलें नाहीं—‘बिटकॉइन’ नांवाच्या चलनाची योजना प्रसिद्ध केली, आणि ३ जानेवारी २००९ रोजीं तिच्या वहीचें पहिलें पान लिहिलें. हे नाणें धातूचें नव्हे. ती केवळ नोंद होय. वहीच्या प्रत्येक पानावर मागील पानाचें एक आंकडेरूप मोहर उमटलेलें असतें. जुन्या पानांतला एक आंकडा बदलला तरी पुढच्या साऱ्या मोहरा फुटतात. पानांच्या ह्या सांखळीलाच ब्लॉकचेन म्हणतात. वहीच्या प्रती जगभर हजारों संगणकांवर असतात, आणि प्रत्येक संगणक नवें पान स्वतः तपासल्यावांचून स्वीकारीत नाहीं.

पण तपासावयाचें कसें, हें संगणकाला सांगणारी आज्ञावली तरी कोणाची? येथेंच ह्या योजनेचें खरें मर्म आहे. ती आज्ञावली पहिल्यापासून मुक्त ठेवण्यांत आली: कोणीहि वाचावी, उतरून घ्यावी, सुधारावी. सुधारणा सुचविणारा आपला मसुदा सर्वांसमोर ठेवतो. इतर जण त्यांतील ओळ न् ओळ वाचून शंका काढतात, चांचण्या घेतात, पुष्कळदा तो परतहि पाठवितात. मान्य झालेला मसुदा मुख्य प्रतींत घालण्याचा अधिकार मोजक्या व्यवस्थापकांना असतो. मात्र ती नवी प्रत आपल्या संगणकावर चालवावी कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. हातभार लावणें म्हणजे नवें कांहीं लिहिणें, असा सामान्य समज आहे. वस्तुतः दुसऱ्यानें लिहिलेलें चिकटपणें वाचणारांचीच येथें अधिक वाण असते. टांकसाळ्ये पुष्कळ, सराफ थोडे.

ह्या पारखेची कसोटी लवकरच लागली. एकंदर नाणीं २ कोटी १० लक्षांहून अधिक पडणार नाहींत, असा मूळ नियम. असें असतां १५ ऑगस्ट २०१० रोजीं वहीच्या ७४,६३८ व्या पानावर एकाच व्यवहारांत सुमारें १८४ अब्ज नाणीं निर्माण झालेलीं आढळलीं! फार मोठ्या आंकड्यांची बेरीज करतांना आज्ञावली चुकत होती, आणि कोणीतरी तो दोष हेरला होता. चूक दिसतांच चर्चा झाली, कांहीं तासांत दुरुस्त आज्ञावली बाहेर पडली, आणि लोकांनीं तें पान सोडून त्याच्या मागील पानापासून वही पुनः चालविली.

२०१८ सालचा प्रसंग मात्र अधिक विचार करावयास लावणारा आहे. कामाचा वेग वाढावा म्हणून एक तपासणी अनावश्यक समजून गाळण्यांत आली होती. जाणत्यांनीं तो बदल वाचून मान्य केला होता. त्यामुळें तेंच नाणें एका व्यवहारांत दोनदां खर्चण्याची वाट मोकळी राहिली, आणि बराच काळ ती कोणाच्याहि ध्यानांत आली नाहीं. वही उघडी होती, पण उघडी असणें आणि वाचली जाणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. अखेर सप्टेंबरांत तो दोष दाखवून दिला तो ‘बिटकॉइन कॅश’ ह्या प्रतिस्पर्धी चलनासाठीं खपणाऱ्या एका टोपणनांवी कारागिरानें. त्याला तो गुप्तपणें विकतां आला असता. त्यानें तो कळविला, आणि दुसऱ्याच दिवशीं दुरुस्ती झाली.

महाराष्ट्राचाहि ह्या विद्येशीं संबंध आला आहे. २०२२ सालीं गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली येथें जातीचे ६५,००० दाखले ‘पॉलिगॉन’ नामक सांखळीवर नोंदवून देण्याची योजना जाहीर झाली. ही सांखळी मुख्यत्वें भारतीय तरुणांनीं २०१७ सालीं आरंभिलेल्या कार्यांतून उभी राहिली असून, तिची आज्ञावली ‘इथेरियम’च्या मुक्त आज्ञावलीवरून घडविलेली आहे. दाखला मागाहून कोणी खोडला अथवा बनावट केला, तर मोहर जुळत नाहीं व लबाडी उघडी पडते. परंतु मुळांत दाखला लिहितांनाच नांव चुकलें, किंवा अपात्राच्या हातीं तो पडला, तर तें असत्यहि तितक्याच इमानानें मोहरबंद होतें. चांदवडचा सराफ चांदीच पारखून पाही. सांखळी केवळ नोंद पारखते; नोंदीमागील माणूस पारखण्याचें काम आजहि सरकारी कचेरींतील लेखणीकडेच आहे.