मावशीचा कागद

आजोबा अंबरनाथच्या विमको या काड्यापेट्यांच्या कारखान्यात होते. फेब्रुवारी १९६६ची गोष्ट ते नेहमी त्याच क्रमाने सांगायचे. दादरला सावरकरांनी औषध, अन्न, पाणी सोडलं होतं. पाळी सुटली तरी माणसं घरी जायची नाहीत, एकाच वर्तमानपत्राभोवती चहाच्या टपरीवर उभी राहायची. २६ तारखेला ते गेले, वय ८२. आजोबा समाजवादी, युनियनचे. सावरकरांशी त्यांचा उभा दावा. पण इथे आवाज खाली यायचा. काम संपलेल्या माणसाने स्वतःहून निरोप घ्यावा तो आत्मार्पणच, असं सावरकरांनी आधी लिहूनच ठेवलं होतं, आणि लिहिलं तसं केलं, हे त्यांना मानावंच लागायचं. नोव्हेंबर १९८२मध्ये पवनारला विनोबांनीही अन्न आणि औषध नाकारलं, तेव्हा आजोबा म्हणाले, “आता हा प्रश्न कुठल्या एका पक्षाचा राहिला नाही.”

आजीची गोष्ट बदलापूरजवळच्या तिच्या सासरची. तिच्या सासऱ्यांनी पेजेच्या वाटीवरून तोंड फिरवलं, ते पुन्हा वळवलं नाही. पोटात गाठ होती. कल्याणहून डॉक्टर येऊन मान हलवून गेले होते. एका सकाळी त्यांनीच सांगितलं, मला खाली घ्या. जमीन सारवून घोंगडी घातली, तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजळ. कुणी बळजबरीने चमचा लावला नाही. “ते बोलले, आम्ही ऐकलं,” एवढं सांगून आजी थांबायची.

पुढचं ती आजोबा उठून गेल्यावर सांगायची. आधीच्या रात्री सासरे इतके ओरडत की शेजारच्या वाडीतली मुलं झोपत नसत. म्हणून पूर्वीचं मरण किती शांत, असं कुणी म्हणालं की माझ्याने ऐकवत नाही. घर होतं, माणसं होती, शब्द ऐकले जात होते. वेदना थांबवणारं औषध मात्र नव्हतं. असाध्य कर्करोगाच्या रुग्णांसाठी वांद्र्यात शांती आवेदना सदन निघालं ते १९८६ साली, आणि ते देशातलं पहिलं.

मावशी परिचारिकेचं काम शिकली परळच्या केईएम रुग्णालयात, आणि नंतर नोकरीही तिथेच केली. अंबरनाथहून लोकलने दादर, तिथून पायी. चौथ्या वॉर्डात तिथल्याच परिचारिका अरुणा शानभाग होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ला तिथल्याच सफाई कामगाराने साखळीने गळा आवळून त्यांच्यावर अत्याचार केला, मेंदूला रक्त मिळालं नाही, आणि त्या पुन्हा बोलल्या नाहीत. परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलली. मावशी सांगते, मऊ करून दिलेलं अन्न त्या तोंडाने घ्यायच्या. बाहेरच्यांना वाटायचं कुठलंसं यंत्र चालू असेल, ते बंद केलं की झालं. बंद करायला यंत्र नव्हतंच. होता तो घास.

अरुणांना भरवणं थांबवावं म्हणून पत्रकार पिंकी विराणींची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा मावशी निवृत्त झाली होती, तरी तिची बाजू ठरलेली होती: भरवणं थांबवायचं नाही. ७ मार्च २०११ला न्यायालयाने ती याचिका फेटाळली, आणि अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना सांभाळणाऱ्या रुग्णालयाचा मानला. त्याच निकालाने इतर रुग्णांसाठी, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, जीव टिकवणारे उपचार थांबवायची वाट मोकळी केली. १८ मे २०१५ला अरुणा न्यूमोनियाने गेल्या. त्या रात्री मावशीने मला जे सांगितलं ते मला फार मोलाचं वाटतं. इतकी वर्षं सगळे तिच्याबद्दल बोललो, विराणीबाई, आम्ही, न्यायाधीश. तिला काय हवं होतं ते एकालाही ठाऊक नव्हतं. घास भरवल्याचा मला पश्चात्ताप नाही, पण माझ्याबद्दल असं अंदाजाने कुणी ठरवू नये.

शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते माणसाने आधीच लिहून ठेवावं, तेव्हापासून मावशी या कामात आहे. आजोबा असते तर त्यांना एक जुनं नाव आठवलं असतं. स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी, म्हणजे त्यांचे राजकीय विरोधक. सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी १९८१ साली मुंबईत संस्था काढली ती मसानींनी. आणि १९८५मध्ये रुग्णाची इच्छा पाळणाऱ्या डॉक्टरला संरक्षण देणारं खासगी विधेयक विधान परिषदेत मांडलं ते सदानंद वर्दे यांनी, आजोबांच्याच समाजवादी गोटातल्या माणसाने. ते मंजूर झालं नाही. पुढे ९ मार्च २०१८ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने अशा इच्छापत्राला मान्यता दिली, पण प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अट घातली. ती किती माणसांना जमणार होती? २४ जानेवारी २०२३ला ती अट गेली.

आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. वेळ आली की उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं मंडळ ठरवतं, मग दुसरं मंडळ तपासतं. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं. इंजेक्शन देऊन मरण आणायला आपल्याकडे आजही परवानगी नाही, आणि मावशीला ती नकोच आहे. कागदाची प्रत महापालिका, नगरपरिषद किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवता येते. हे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले, आणि मग राज्यभर चारशेच्या आसपास नेमणुका झाल्या. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर इथल्या माणसाला यासाठी परळ गाठावं लागू नये, एवढीच मावशीची मागणी आहे, आणि मला ती रास्त वाटते.

ती सगळ्यांचे कागद करून देत नाही. “मुलांना त्रास नको म्हणून” असं कुणी म्हणालं की ती पेन मिटते. त्रास कुणाला होतो ते आधी घरात बोला, मग या. खर्चाच्या धास्तीने केलेली सही ती इच्छा मानत नाही. मीही मानत नाही. ज्या घरात औषधाला पैसे नाहीत तिथे निवडीची भाषा फार जपून बोलावी लागते.

तिच्या स्वतःच्या कागदात व्हेंटिलेटर नको, नाकातून नळी नको, छाती दाबणं नको, मॉर्फीन हवंच, असं आहे. खाली तिने एक ओळ वाढवली आहे: तोंडाने गिळता येतंय आणि मी तोंड उघडतेय तोवर भरवा. निर्णयासाठी नावं दोघांची, भाचीचं आणि माझं.

सध्या तिच्या एका सिंधी मैत्रिणीचा कागद अडला आहे. फाळणीत आईच्या कडेवरून ती उल्हासनगरच्या बराकीत आली, आज अंथरुणाला खिळली आहे, पण डोकं लख्ख आहे. थोरला मुलगा तयार आहे, धाकटा ऐकायला बसत नाही. नोटरी रविवारी घरी यायला कबूल झाला होता, मावशीने त्याला पुढची तारीख दिली. धाकट्याला समोर बसवून आईने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितल्याशिवाय ती सही होऊ देणार नाही.