कॉफीच्या यंत्रातला दाब



लग्नात आपण ‘एक्स्प्रेसो कॉफी’ पितो. दुधात वाफ सोडली की फसफस आवाज होतो आणि वर फेस येतो. इटलीतली मूळ एस्प्रेसो वेगळी. तिच्यात दूध नसतं. बारीक दळलेल्या कॉफीतून गरम पाणी दाबाने ढकलतात आणि अर्ध्या मिनिटात छोटा कप भरतो.

अशी घरगुती यंत्रं आता आपल्याकडेही मिळतात. एखाद्या गटाने स्टॉलसाठी ते घेतलं आणि एक दिवस दाबाचा काटा खाली आला, तर पहिला सल्ला मिळतो, “पंप गेला, नवा टाका.” तो सल्ला बरेचदा चुकीचा असतो. का, ते या यंत्राच्या इतिहासातून कळतं.

१८८४ साली तुरीन शहरात अँजेलो मोरिओंदो यांनी वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी एकेक कप तिथल्या तिथे करून देणारं यंत्र काढलं. यात दाब वाफेचाच, साधारण दीड बार. आपल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत साधारण एक बार जादा दाब असतो, म्हणजे फार फरक नाही. दाब वाढवायचा तर आच वाढवायची, पण मग कॉफी करपट लागायची. तेव्हा दाब बदलला की आचेकडे बघायचं.

ही अडचण मिलानच्याच अकिल्ले गाज्जा यांनी सोडवली. त्यांचं पहिलं पेटंट १९३८ चं. महायुद्धानंतर त्यांनी स्प्रिंगचा दांडा आणला. दांडा खाली ओढायचा आणि सोडायचा, मग स्प्रिंग पाण्याला ढकलते. दाब आठ-नऊ बारवर गेला आणि कॉफीवर पहिल्यांदा दाट सोनेरी साय आली. इथे दाब बदलला की स्प्रिंग आणि वॉशर बघायचे.

१९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ यंत्रात दांड्याऐवजी विजेचा पंप आला. हाताचे कष्ट वाचले. नऊ बार म्हणजे किती, तर सुमारे तीनशे फूट उंच पाण्याच्या स्तंभाचा भार!

आता मुख्य गोष्ट. पंप फक्त पाणी ढकलतो. दाब तयार होतो तो अडथळ्यामुळे. पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की पाण्याला जोर येतो ना, तसंच. इथे अंगठ्याचं काम कॉफीची पूड करते. पूड जाड किंवा कमी असली, की पाणी भरकन निघून जातं आणि काटा खाली येतो. पूड फार बारीक असली किंवा जाळी जुन्या कॉफीच्या तेलाने बुजली, की काटा वर चढतो.

म्हणून आधी टाकीत पाणी आहे का, नळीत हवा अडकली आहे का, ते बघा. मग जाळी धुवा. नंतर कॉफीच्या जागी बिनभोकाची चकती लावून काही सेकंद पंप चालवा. काटा नीट वर गेला, तर पंप बहुधा ठीक आहे, दळण तपासा. नाही गेला, तर क्षार साचून झडप उघडी राहिली असेल किंवा पंप थकला असेल. बोअरच्या पाण्याने क्षार लवकर धरतात. ते काढायला माहितीपुस्तिकेत सांगितलेलंच औषध वापरा.

एक मात्र पाळा. कुकरचं झाकण वाफ जिरल्याशिवाय आपण उघडत नाही. तसंच यंत्र बंद करून दाब उतरल्याशिवाय मूठ काढू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.

कारागिराला बोलवायचं तर जरूर बोलवा, पण तो पंप बदलायला निघाला तर आधी विचारा, “दळण आणि झडप बघितली का?” या एका प्रश्नाने गटाचे पैसे वाचू शकतात.