परवान्याच्या पोटातली नीळ

बडोद्याच्या उत्तरेला, महीच्या अंगाला वसलेल्या नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीतून ड्रम परदेशी निघाले की इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टच्या जोडीला निर्यात खात्याला आणखी एक प्रश्न निकालात काढावा लागतो: हा माल ‘स्कोमेट’मध्ये येतो का? लष्करी कामालाही लावता येतील अशी रसायनं, जीवजंतू, साहित्य, यंत्रं आणि तंत्रज्ञान यांची ही भारत सरकारची यादी. यादीत नाव सापडलं तर विदेश व्यापार महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीएफटीचा, परवाना लागतो किंवा निदान तिथल्या अटी पाळाव्या लागतात. नाव सापडलं नाही, पण घेणारा तो माल महासंहारक शस्त्रासाठी वापरणार हे विकणाऱ्याला ठाऊक असलं, तरी २००५ चा कायदा आडवा येतोच. या व्यवस्थेचं कूळ विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: शीतयुद्ध, सोव्हिएत गोटाकडे जाणारा माल रोखायला १९४९ साली पॅरिसमध्ये जमलेली पाश्चात्त्य देशांची ‘कोकॉम’ समिती, तिच्या जागी १९९६ मध्ये आलेली निर्यात-नियंत्रणाची वासेनार व्यवस्था, आणि मग भारत. यादीच्या आठव्या वर्गापुरतं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, विशेष धातू यांच्यापुरतं, हे कूळ बिनचूक आहे. पहिला वर्ग रसायनांचा, आणि नंदेसरीला पोटापाण्याशी लागू होतो तो हाच. त्याला कोकॉमच्या घराण्यात बसवणं म्हणजे मावशीला आजी म्हणण्यासारखं आहे. त्याचं मूळ ऱ्हाइनकाठच्या रंगाच्या कारखान्यांत, नेमकं सांगायचं तर निळीच्या उत्पादनात सापडतं, असं माझं म्हणणं आहे.

या तर्काचा सगळा भार एका साध्या रेणूवर आहे: इथिलीन क्लोरोहायड्रिन. दोन कार्बनांची छोटी साखळी, एका टोकाला क्लोरीन, दुसऱ्या टोकाला हायड्रॉक्सिल. दोन्ही टोकं कामाची असल्यामुळे दुसऱ्या रेणूला दोन कार्बनांचा हात जोडायचा असेल तर रसायनतज्ज्ञाला ते फार सोयीचं. लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ कंपनीत ॲनिलीनला असा हात जोडून कृत्रिम निळीचा मधला टप्पा तयार होत असे. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड गॅस बनवायचं ठरलं तेव्हा जर्मनांना थायोडायग्लायकॉल हवं होतं, आणि त्याचीही वाट क्लोरोहायड्रिनमधूनच जात होती. निळीसाठी उभारलेली सामग्री आणि तिच्यावर हात बसलेले कामगार जागेवर होतेच. बीएएसएफने थायोडायग्लायकॉल बनवायचं आणि शेवटची पायरी लेव्हरकुसेनला बायरच्या कारखान्यात उरकायची, अशी वाटणी झाली. दोन्ही कंपन्या रंगाच्या. १२ जुलै १९१७ च्या रात्री बेल्जियममधल्या ईप्रसमध्ये हा वायू पहिल्यांदा वापरला गेला.

यावर पहिला आक्षेप असा की बीएएसएफने १८९७ मध्ये बाजारात आणलेल्या निळीत क्लोरोहायड्रिन नव्हतंच. ती नीळ नॅप्थलीनपासून निघत होती, आणि बीएएसएफची प्रतिस्पर्धी हेख्स्ट कंपनी तिसरीच पद्धत वापरत होती. आक्षेप खरा आहे, पण तो ‘नीळ’ या सरसकट शब्दाला लागतो, माझ्या मुद्द्याला नाही. क्लोरोहायड्रिनची पद्धत बीएएसएफने १९०९ च्या सुमारास उचलली, म्हणजे युद्धाच्या पाचेक वर्षं आधी. उलट हा उशीरच माझ्या पथ्यावर पडतो. युद्ध १९०० मध्ये पेटलं असतं तर निळीच्या भांड्यातून हा वायू इतक्या सहजी निघाला नसता.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. मस्टर्डला क्लोरोहायड्रिन लागतंच असं नाही. इंग्रज आणि फ्रेंचांनी ते न वापरता वेगळ्या वाटेने हा वायू बनवला, मग निळीचं एवढं काय घेऊन बसायचं? पण ती वेगळी वाट कुणाच्या नावाने ओळखली जाते ते पाहा: हर्बर्ट लेव्हिन्स्टाइन, मँचेस्टरजवळच्या ब्लॅकलीच्या रंगाच्या कारखान्याचा मालक. आणि वेळ किती लागला? फ्रेंचांच्या तोफांत मस्टर्ड आला जून १९१८ मध्ये, इंग्रजांच्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे युद्ध संपायला दोन महिनेही उरले नसताना. जर्मनांकडे जे आयतं होतं ते उभं करायला दोस्तांना जवळजवळ वर्ष गेलं. रंगाचा धंदा ज्याच्याकडे मोठा, त्याच्याकडे वायूही लवकर, हा धडा तेव्हाच्या लोकांनी याच फरकातून घेतला.

थोडं विषयांतर करतो. त्याच १९१७ च्या एप्रिलमध्ये गांधीजी चंपारणला पोचले होते. कृत्रिम निळीने बिहारच्या निळीचा भाव पाडला, मळेवाल्यांनी ते नुकसान ‘शरहबेशी’ नावाच्या वाढीव खंडातून कुळांच्या माथी मारलं, आणि तिथून तो लढा पेटला. चंपारण आणि ईप्रस यांच्यात कार्यकारण शोधणं हा वेडेपणा होईल. तरी एकाच रंगाच्या दोन फांद्या एकाच वर्षी इतक्या लांब जाऊन टेकाव्यात, याची नोंद केल्यावाचून राहवत नाही.

कायद्यात या रंगाचा पहिला डाग दिसतो तो १९१९ च्या व्हर्सायच्या तहात. त्याच्या १७१ व्या कलमाने जर्मनीला विषारी वायू बनवायला आणि आयात करायला बंदी केली, आणि असे वायू बनवण्यासाठी ‘खास योजलेल्या’ साहित्यालाही तीच बंदी लावली. शस्त्रासोबत त्याच्या कच्च्या मालालाही गुन्ह्यात ओढणारं आंतरराष्ट्रीय कलम म्हणून मी याला या घराण्याचा मूळ पुरुष मानतो. पण मूळ पुरुष लंगडा होता. क्लोरोहायड्रिन ‘खास योजलेलं’ कुठे होतं? ते निळीसाठी होतं. थायोडायग्लायकॉलही कापडछपाईच्या रंगात द्रावक म्हणून चालतं. शब्दशः वाचलं तर ज्या मालाने घात केला तोच या कलमातून अलगद निसटत होता. हे छिद्र व्हिक्टर लेफेब्यूर या इंग्रज अधिकाऱ्याच्या ध्यानात आलं. युद्धकाळात वायुयुद्धाच्या कामी तो फ्रेंचांशी संपर्क ठेवत असे. १९२१ मध्ये त्याने ‘द रिडल ऑफ द ऱ्हाइन’ हे पुस्तक लिहून मांडलं की शस्त्र मोजून उपयोग नाही, रंगाचा कारखाना हाच शस्त्रागार आहे आणि तो एकाच देशाच्या मुठीत राहू देता कामा नये. लेफेब्यूरची ही मांडणी इंग्लंड-अमेरिकेतल्या रंगवाल्यांना भलतीच सोयीची होती, हे लपवण्यात अर्थ नाही. जर्मन माल बाहेर ठेवायला त्यांना देशरक्षणाचं कारण हवंच होतं. इंग्लंडने १९२० मध्ये कायदा करून रंगांच्या आयातीला दहा वर्षं परवाना लावला. दुहेरी वापराच्या रसायनांवरच्या परवान्यात सुरक्षा किती आणि बाजारपेठ किती, हा संशय आज घेतला जातो. तो त्याच्या जन्माच्याच वेळचा आहे.

तो आयातीचा परवाना होता, निर्यातीचा नव्हे, असं कुणी म्हणेल. निर्यातीचा प्रस्तावही आला, १९२५ मध्ये, आणि माझ्या मते या कथेतली सर्वांत दुर्लक्षित जागा ही आहे. विषारी वायूंचा वापर निषिद्ध ठरवणारा जिनिव्हा करार सगळ्यांना माहीत असतो, पण तो ज्या परिषदेत जन्मला ती मुळात शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर देखरेख कशी ठेवावी यासाठी भरली होती. अमेरिकेने तिथे मांडलं होतं की वायूंची निर्यातच बंद करावी. ज्यांच्याकडे रासायनिक उद्योग नव्हता ते देश बिथरले: तुम्ही स्वतः बनवणार, आम्हाला मात्र विकतही मिळणार नाही, हा कुठला न्याय? प्रस्ताव मागे पडला आणि त्याजागी फक्त वापरावर बंदी आली. रासायनिक शस्त्रांच्या कच्च्या मालाच्या निर्यातीवर मिळून लगाम ठेवणाऱ्या देशांच्या ऑस्ट्रेलिया ग्रुपविरुद्ध भारताने पुढे वर्षानुवर्षं जे गाऱ्हाणं मांडलं, की हे मूठभर पुरवठादारांचं कोंडाळं आहे, ते या वादाचंच पुढचं पान. आणि तोच भारत १९ जानेवारी २०१८ रोजी त्या ग्रुपचा सदस्य झाला. यात विसंगती दिसत असली तरी तर्क जुनाच आहे. उद्योग नसलेल्याला निर्यातबंदी अन्याय वाटते, आणि उद्योग उभा राहिला की तिच्या आत बसणं फायद्याचं ठरतं. बडोद्याला ही दोन्ही टोकं ठाऊक आहेत. पोखरणच्या १९७४ च्या स्फोटानंतर अणुसाहित्य पुरवणाऱ्या देशांनी भारतासमोर दारं लावली, आणि त्याच दशकात, १९७७ मध्ये, फर्टिलायझरनगरच्या शेजारी अणुभट्ट्यांना लागणाऱ्या जड पाण्याचा प्रकल्प सुरू झाला.

जिनिव्हानंतर कागदाची साखळी तुटते ती थेट १९८४ पर्यंत. ऑस्ट्रेलिया ग्रुपच्या मसुदाकारांनी लेफेब्यूर उघडून पाहिला असेल असं मला वाटत नाही, आणि त्याची गरजही नव्हती. रसायनशास्त्र तेच असल्यामुळे त्यांना पुन्हा त्याच दाराशी यावं लागलं. मार्च १९८४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी इराण-इराक युद्धात इराणी सैनिकांवर मस्टर्ड आणि टॅबून हे मज्जातंतूंवर घाला घालणारं विष वापरल्याचं पक्कं केलं. कच्चा माल पाश्चात्त्य कंपन्यांकडून उघडपणे गेला होता, बराचसा कीटकनाशकं बनवणारी म्हणवणाऱ्या इराकी सरकारी संस्थेच्या नावाने. जून १९८५ मध्ये ब्रुसेल्सला ग्रुपची पहिली बैठक झाली. थायोडायग्लायकॉलवर नजर बसली, तरी धंदा थांबला नाही. बाल्टिमोरच्या अल्कोलॅक कंपनीने हे रसायन बेकायदा बाहेर पाठवल्याचा गुन्हा १९८९ मध्ये कबूल केला. (जुलै १९१६ मध्ये ‘डॉइचलंड’ ही जर्मन मालवाहू पाणबुडी नाकेबंदी चुकवून रंगांचा साठा घेऊन धडकली ती याच बाल्टिमोरला.) इराकला हजार टनांहून अधिक थायोडायग्लायकॉल पुरवणाऱ्या फ्रान्स फान आनराट या डच व्यापाऱ्याला २००५ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली. माल कापडउद्योगासाठी आहे असं आपल्याला वाटलं, हा त्याचा बचाव होता. छपाईच्या रंगाला एवढं द्रावक कोण घेतं, हा प्रश्न विकणाऱ्याला पडायलाच हवा होता, अशी आजची अपेक्षा आहे.

१९९३ च्या रासायनिक शस्त्रबंदी कराराने व्हर्सायचं लंगडं कलम उलटं करून टाकलं. आधी ‘खास योजलेलं’ तेवढंच निषिद्ध होतं. आता विषारी रसायन आणि त्याचा कच्चा माल मुळातच शस्त्राच्या व्याख्येत आला. हेतू शांततेचा असेल, आणि प्रकार व प्रमाण त्या हेतूला शोभत असेल, तरच तो तिथून सुटतो. पुराव्याचा भार मालावरून माणसाच्या हेतूवर गेला, आणि हेतू काही ड्रमवर छापलेला नसतो. म्हणून आला एंड यूज सर्टिफिकेट नावाचा कागद: माल निषिद्ध कामाला वापरणार नाही, पुढे कुणाला देणार नाही, कुठलं रसायन किती, कशासाठी, आणि शेवटी वापरणाऱ्याचं नावगाव काय. बडोद्याजवळच्या पादरा तालुक्यात एकलबाऱ्याला बनणारं थायोनिल क्लोराइड करारातल्या रसायनांच्या तीन याद्यांपैकी, म्हणजे अनुसूचींपैकी, तिसरीत आहे. ते करारातल्या देशाला पाठवलं तर मुदतीत कळवून भागतं. इजिप्तने मात्र सहीच केलेली नाही, आणि इस्राएलने सही करूनही मान्यता दिलेली नाही. तिथे माल जायचा तर आधी परवाना, आणि त्यासाठी हमी त्या देशाच्या सरकारची लागते. गिऱ्हाइकाच्या लेटरहेडवर काम होत नाही. ऑर्डर पक्की असूनही कन्साइनमेंट अडकते ती बहुधा या शिक्क्यापायी.

आता नंदेसरी. बडोद्याला रंगशास्त्र नवं नाही. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जरांनी सुरू केलेल्या कलाभवनात रंगाई शिकवली जात असे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या दीपक नायट्राइटचा पहिला कारखाना नंदेसरीत उभा राहिला. त्यातलं सोडियम नायट्राइट रंगवाल्यांना डायझोटायझेशनसाठी लागतं. पुढे गुजरातच्या या पट्ट्यात डाय इंटरमीडिएटचं, म्हणजे रंग बनवताना लागणाऱ्या मधल्या रसायनांचं, पेव फुटलं, त्यात एच-ॲसिड आणि व्हिनाइल सल्फोन, म्हणजे बाजारातलं ‘व्हीएस’, आघाडीला. व्हीएसच्या रेणूला तोच दोन कार्बनांचा हात लागतो, आणि तो जोडायची एक जुनी वाट इथिलीन क्लोरोहायड्रिनचीच आहे. हे क्लोरोहायड्रिन कराराच्या तिन्ही अनुसूचींत नाही, ऑस्ट्रेलिया ग्रुपच्या यादीत मात्र आहे.

आणि खुद्द व्हीएस? ते कुठल्याच यादीत नाही. त्याचे ड्रम स्कोमेटच्या परवान्यावाचून जातात. पण करारात आणखी एक तरतूद आहे: फॉस्फरस, गंधक किंवा फ्लोरीन असलेलं सेंद्रिय रसायन एखाद्या प्लांटमध्ये वर्षाला ३० टनांहून जास्त बनत असेल, तर ते कितीही निरुपद्रवी असलं तरी तो कारखाना दिल्लीतल्या राष्ट्रीय प्राधिकरणाला कळवायचा, आणि उत्पादन २०० टनांपुढे गेलं तर करारावर देखरेख ठेवणाऱ्या हेगच्या संस्थेचे निरीक्षक तपासणीला दारात येऊ शकतात. व्हीएसमध्ये गंधक आहे, एच-ॲसिडमध्येही आहे. माल मोकळा आणि कारखाना नोंदलेला, अशी ही उफराटी व्यवस्था कोकॉमच्या वारशातून समजत नाही, कारण कोकॉम सीमा ओलांडणाऱ्या वस्तू मोजत होती. भांडं मोजा, त्यातून आज काय निघतंय यावर विसंबू नका, हे म्हणणं होतं लेफेब्यूरचं.