वरळीच्या कासवाचं पोट

शाळेत भूगोल शिकवत असताना दरवर्षी एखादा मुलगा खिशातून दगड काढून टेबलावर ठेवायचा. पन्हाळ्याच्या वाटेवर नाहीतर विहिरीच्या खोदाईत सापडलेला. ‘सर, हे जीवाश्म आहे?’ बहुधा ती गारगोटी असायची, किंवा काळ्या दगडाच्या पोकळीत वाढलेले पांढरे स्फटिक. आपलं कोल्हापूर बसाल्टवर, म्हणजे थिजलेल्या लाव्हारसावर उभं आहे. उकळत्या रसात कोणता प्राणी टिकणार? मुलाचा चेहरा पडायचा. मग मी त्याला वरळीच्या कासवाची गोष्ट सांगायचो.

ज्वालामुखीचे उद्रेक सलग चालत नव्हते. एक थर थिजला की मध्ये मोठा खंड पडे. त्या काळात पाणी साचे, तळी होत, गवत उगवे, बेडूक ओरडत. मग पुन्हा लाव्हा येई आणि सगळं झाकून टाकी. दोन थरांमधला हा तळ्याचा गाळ म्हणजे जीवाश्मांची पेटी. भूशास्त्रज्ञ त्याला ‘इंटरट्रॅपियन’ थर म्हणतात. मुंबईत वरळीला असा थर आहे. काळ साधारण साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा.

आधी गाजले ते तिथले बेडूक. अंगठ्याएवढ्या बेडकांचे सांगाडे त्या गाळात पुष्कळ सापडले. १८४७ साली लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी, म्हणजे ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणाऱ्यांनीच, त्यांना ‘राना पुसिला’ असं नाव दिलं. १९३० साली नोबल यांनी त्यांच्यासाठी ‘इंडोबॅट्रॅकस’ ही नवी प्रजाती उभी केली. बेडकांबद्दल एवढं पुरे. आज मला कासवाबद्दल बोलायचं आहे, कारण त्याची कथा जास्त वाकडीतिकडी आहे.

मुंबईत तेव्हा हेन्री जॉन कार्टर नावाचे लष्करी डॉक्टर होते. पेशा शस्त्रवैद्याचा, ओढा निसर्गाकडे. वरळीच्या कासवाचं वर्णन त्यांनी १८५२ साली प्रसिद्ध केलं आणि डॉ. लीथ या दुसऱ्या डॉक्टरांच्या सन्मानार्थ त्याचं नाव ठेवलं ‘टेस्टुडो लीथाय’. हे लीथ म्हणजे १८६४ साली मुंबईच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिणारे. माथेरानच्या एका बेडकालाही त्यांचं नाव आहे.

इथे एक गंमत सांगतो. १८६९ साली ग्युंथर यांनी एका जिवंत कासवालाही नेमकं हेच नाव दिलं. पण एक नाव दोघांना चालत नाही, आणि आधीचा हक्क वरळीच्या दगडातल्या कासवाचा. त्यामुळे त्या बिचाऱ्या जिवंत कासवाला नाव सोडावं लागलं. इजिप्तचं ते छोटं कासव आज ‘टेस्टुडो क्लाइनमनाय’ म्हणून ओळखलं जातं.

कासव ओळखायचं कशावरून? कवचावरून. आपण ज्याला पाठ म्हणतो ती एकसंध ढाल नसते. पाठ आणि पोट मिळून पन्नास-साठ हाडांच्या फरशा एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्यांच्यावर शिंगासारख्या पदार्थाचे खवले असतात. खवले कुजून जातात, पण त्यांच्या कडांच्या चऱ्या हाडावर उमटलेल्या राहतात. म्हणजे एकाच तुकड्यावर दोन नकाशे असतात, हाडांच्या सांध्यांचा एक आणि खवल्यांच्या चऱ्यांचा दुसरा. जाणकार दोन्ही वाचतो. समुद्रातल्या भंगुर ताऱ्याचंही असंच. मेल्यावर त्याचे नाजूक हात मोडून चकत्यांचा नुसता सडा पडतो, आणि हाताच्या बाजूची एक चकती, तिच्यावर काटे बसवण्याच्या खाचा, एवढ्यावरून तज्ज्ञ त्याची जात ठरवतात.

देवळाच्या मंडपातलं दगडी कासव आपण पाहतो. ते मान सरळ आत ओढणारं. भारतातली आजची सगळी कासवं याच जातकुळीची. पण जगात दुसरीही एक शाखा आहे, मान आडवी वळवून कवचाच्या कडेखाली दडवणारी. या शाखेत कमरेचं हाड कवचाला सांधलेलं असतं आणि गळ्याखाली एक जादा खवला असतो. मान सापडली नाही तरी कवच सांगून जातं. १८७१ साली ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी वरळीचं कासव या शाखेतलं ठरवलं. इथवर बरोबर. पण त्यांनी त्याला ‘हायड्रॅस्पिस’ या दक्षिण अमेरिकेतल्या प्रजातीत नेऊन बसवलं.

यात बिघडलं काय? ‘हायड्रॅस्पिस’चं घराणं, म्हणजे केलिड कासवं, दक्षिण अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियाकडे राहतात. ती मुंबईत होती असं म्हटलं, की ती इथे आली कशी, याचं उत्तर द्यावं लागतं. त्या काळी खंड सरकतात हे कुणी मानत नव्हतं. एका चुकीच्या नावावर प्राण्यांच्या प्रवासाचा अख्खा मार्ग रचला जाऊ शकत होता. ब्याऐंशी वर्षं ते नाव पुस्तकांतून तसंच फिरत राहिलं.

उत्तर पोटात होतं. केलिड कासवाच्या पोटाकडच्या ढालीत नऊ हाडं असतात. आडव्या मानेच्या दुसऱ्या घराण्यात, पेलोमेड्युसिडांत, ती अकरा भरतात. दोन्ही कडांना एकेक लहानसं जादा हाड असतं, म्हणून. १९५३ साली अमेरिकेच्या अर्नेस्ट विल्यम्स यांनी वरळीचं कासव पेलोमेड्युसिड असल्याचं दाखवलं. त्याला नवी प्रजाती मिळाली, ‘कार्टरेमिस’, कार्टर यांच्या नावाची. मला हे फार आवडतं. डॉक्टरांनी कासवाला आपल्या सहकाऱ्याचं नाव दिलं आणि शंभर वर्षांनी कासवाने डॉक्टरांचं नाव लावलं.

या व्यापक घराण्याचे वंशज आज आफ्रिकेत, मादागास्करमध्ये आणि दक्षिण अमेरिकेतही आहेत. भारत मादागास्करपासून सुटला सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी, आणि वरळीचं तळं त्यानंतरचं. त्यामुळे हे कासव परदेशातून पाहुणं आलं असं मानायचं कारण उरत नाही. त्याचे पूर्वज जमिनीबरोबरच आले असावेत.

पुढे भावंडं सापडत गेली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या कासवाला सोहनलाल जैन यांनी १९७७ साली ‘श्वेबोएमिस’ या ब्रह्मदेशातल्या प्रजातीत घातलं होतं. २०२० साली वॉल्टर जॉइस आणि सास्वती बंदोपाध्याय यांनी त्याला तिथून काढून ‘जैनेमिस’ हे नाव दिलं. तमिळनाडूचं ‘कुर्माडेमिस’ २००१ सालचं. आणि २००३ साली खुद्द मुंबईच्या इंटरट्रॅपियन थरातलं ‘संकुचेमिस’ जाहीर झालं.

आता पेच असा, की कार्टरेमिसची ओळख कवचावर उभी आहे आणि संकुचेमिसची कवटीवर. एकाच शहरातली, जवळजवळ एकाच काळातली ही दोन कासवं वेगळी होती, की एकाच जातीची पाठ एका नावाने आणि डोकं दुसऱ्या नावाने कपाटात ठेवलं आहे? त्याचा निकाल लावायला कवच आणि कवटी एकत्र असलेला सांगाडा हवा. वरळीचा बहुतेक थर आता इमारतींखाली आहे. मात्र मुंबईत अजून पाया खणला जातो, आणि करड्या गाळाचा दगड वर आला तर तो डंपरमध्ये जाण्याआधी कुणीतरी बघायला हवा.